अर्ध्या घंट्यानं

मागच्या हिवाळ्यात मानेवाडा रोडवरच्या एका लॉनमध्ये आमच्या नात्यातलं लग्न होतं. जेवणं आटोपत आली होती. बायकांनी खुर्च्या ओढून शेकोटीभोवती गोल केला होता, पोरं आइस्क्रीमच्या काउंटरपासून हलायला तयार नव्हती, आणि पुरुषांचा घोळका नेहमीसारखा जनरेटरच्या बाजूच्या अंधारात जमला होता. तिकडून पन्नी उलगडल्याचा आवाज आला. नागपुरात वाढलेल्या माणसाला तो आवाज कशाचा ते सांगावं लागत नाही. माझे धाकटे दीर त्या घोळक्यात उभे होते. खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, बंद करून त्यांना तेव्हा काही महिने झाले होते आणि घरातली आम्ही सगळी माणसं त्या महिन्यांना जपत होतो. कोणीतरी रबर काढून पुडी त्यांच्यापुढे धरली. "घ्या भाऊ, ताजा घोटला आहे." भाऊजींनी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. म्हणाले, "आता नको. अर्ध्या घंट्यानं घेतो."

थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच शांत आवाजात. परत येताना गाडीत माझी जाऊ खिडकीबाहेर बघत बसली होती. तिनेही ऐकलं होतं. शेवटी ती एवढंच बोलली, "घेतो म्हणाले ते, ताई. सोडला म्हणाले नाहीत." भाऊजी गाडी चालवत होते. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तुकडोजी पुतळ्यापाशी गाडी वळवली.

ते वाक्य मला बरेच दिवस सोडेना.

आपल्याकडे पाहुण्याला चहा विचारावा तितक्या सहज खर्रा विचारला जातो. माझं लहानपण महालात गेलं. कोपऱ्यावरच्या पानठेल्यात संध्याकाळी माणूस मांडी घालून बसायचा, पन्नीवर कातरलेली सुपारी घ्यायचा, वरून तंबाखू, बोटाने काढलेला चुना, पाण्याचे दोन थेंब, आणि मग तळहाताने घोटत राहायचा. सर्रसर्र असा एक लयीतला आवाज. ओल्या चुन्याचा वास आणि तंबाखूचा नाकात चढणारा झणका. पन्नी हातात घेतली की कोमट लागायची. वडिलांसाठी ती आणायला आम्हा बहिणींनाच पाठवायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू घेतात असं निघालं, म्हणजे दर चौघांमागे जवळजवळ एक. मी तो आकडा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर ते लॉनमधलं जनरेटर आलं. तिथे चौघांत एक नव्हता, एक सोडून सगळे होते.

भाऊजी कॉलेजात असताना लागले. पुढे गांधीबागेत हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या प्रमाण वाढत गेलं. गिऱ्हाईक गेलं की एक चिमूट, गिऱ्हाईक भांडून गेलं की मोठी चिमूट, उधारी वसूल झाली तरी चिमूट. दुकानातला पोरगा दिवसातून अनेकदा ठेल्यावर जायचा. रात्री उशीखाली पुडी असायची. जाऊ चादरी झाडताना सुपारीचे कण गोळा करायची आणि पहिल्यांदा भांडायची, मग नुसतीच झाडायची. या सगळ्या वर्षांत आम्ही त्यांना किती वेळा "सोडून द्या ना आता" म्हटलं असेल याला गणती नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक लहान-मोठ्या माणसाने ते म्हटलं. ते दर वेळी "हो" म्हणायचे आणि ते "हो" खोटं नसायचं.

पहिली खूण सावजीने दिली. आमच्याकडे रविवारी मटणाचा रस्सा होतो, काळ्या मसाल्याचा, लाल तर्रीचा. भाऊजी त्यात भाकरी कुस्करून खाणारे. एका रविवारी त्यांनी ताट सरकवलं आणि दही-भात मागितला. तोंड पेटल्यासारखं होतं म्हणाले. सासूबाईंनी ते पित्तावर घातलं, धण्याचं पाणी दिलं. नंतर पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, ती फोडून खायला लागले. जांभई अर्धवट व्हायची. गालाच्या आतली कातडी ताठ, पांढरट. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, तुमची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा. दोनच गेली. सुपारीने गालाखालचा थर तंतुमय आणि कडक होत जातो, तोंड उघडणं कमी होत जातं, आणि ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते, हे त्यांना त्या खुर्चीत आडवं पडून समजलं. एकदा आलेला ताठपणा पूर्ण जात नाही. खाणं थांबवलं तर पुढे वाढायचा थांबू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. आपण मात्र अजून लहान पोराच्या हातावर गोड सुपारी ठेवतो आणि "तंबाखू नाही न त्यात" म्हणतो.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात त्यांच्यासोबत मी गेले होते, कारण जाऊला त्या दिवशी रडू आवरत नव्हतं. बाकावर आमच्या आधी बसलेले बहुतेक जण तिशीतले होते आणि तोंडावर रुमाल धरून बसले होते. समुपदेशन करणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असावी. मला वाटलं, आता ही चित्रं दाखवणार, कापलेले जबडे दाखवणार. तिने वही उघडली आणि विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळानं खाता?" भाऊजी गप्प झाले. मग खाली बघून म्हणाले, "डोळे उघडले की. ब्रश नंतर." तिने मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. रागावली नाही, आश्चर्य केलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे "का खाता" विचारत होतो. "कधी खाता" हा साधा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तरात त्यांच्या शरीराची सगळी हकिकत होती. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागतो, त्याचं शरीर रात्रभर निकोटिनवाचून तळमळलेलं असतं. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे सकाळची पहिली चिमूट मजेसाठी नव्हतीच, शरीर जागेवर आणण्यासाठी होती.

त्या मुलीने चुन्याचं कोडंही उलगडलं. चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन गालातून लवकर रक्तात शिरतं. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण हाताला ते बरोबर माहीत होतं. शिवाय सुपारीत अरेकोलिन नावाचं वेगळं द्रव्य आहे, तेही मेंदूवर काम करतं. म्हणजे एका पुडीत दोन वेगवेगळ्या सवयी गुंफलेल्या. म्हणून नुसत्या निकोटिनच्या च्युइंगमवर खर्रा खाणाऱ्याचं भागत नाही. त्याच्या जबड्याला काहीतरी टणक चावायला हवं असतं, बोटांना चिमूट हवी असते.

त्यानंतर आमच्या घरात जी सामग्री जमा झाली तिच्याविषयी मला सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण व्यसन सोडण्याच्या गोष्टींत ती कुठेच येत नाही. निकोटिनचं च्युइंगम आलं. भाऊजींनी ते पहिल्या दिवशी साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळलं आणि त्यांना उचक्या लागल्या. ते सावकाश दोन-चारदा चावायचं, जीभेला झिणझिण लागली की गालाशी ठेवून द्यायचं, मग पुन्हा, असं असतं. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी चालत नाही, कारण त्यामुळे निकोटिन गालातून नीट शिरत नाही. नागपुरी दुकानदाराला चहाची वेळ बदलायला सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी बदलली. खिशातल्या पुडीच्या जागी भाजलेल्या जवसाची आणि बडीशेपेची डबी आली. खर्रा बंद झाल्यावर पोट साफ होईना, या गोष्टीवर तर कोणी बोलतच नाही आणि कित्येक जण तेवढ्यासाठी आठवड्यात परत सुरू करतात. तिथे कोमट पाणी, पेरू, इसबगोल असले घरगुतीच उपाय लागले. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आल्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि तोंड हळूहळू ताणायचं. एकेक काडी वाढवत न्यायची. संध्याकाळी टीव्हीसमोर ते काड्या धरून बसायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आमचा पुतण्या बातम्यांचा आवाज मोठा करायचा, म्हणजे बाबांचं कण्हणं आजीला ऐकू जाऊ नये.

दुकानाचा रस्ताही बदलला. नंदनवनातून निघून ते जगनाडे चौकातून सरळ जायचे. त्या वाटेवर त्यांचा ठेला होता, ठेलेवाल्याशी बारा-पंधरा वर्षांची मैत्री होती. आता सक्करदऱ्याहून महालातून वळसा. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की आधी बघायचं, या चारांपैकी काय झालं आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याच्या दुकानात बसलेल्या माणसाला बहुधा चारही झालेलं असतं. आणि एक फोन नंबर, १८००-११-२३५६, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय मोफत सेवा. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. पण आमचा खर्रा पन्नीत येतो. पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, ना चित्र, ना इशारा, ना नंबर. तंबाखूचा डबा ठेलेवाल्याच्या फळीवर राहतो आणि खाणाऱ्याच्या हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक येतं. खर्रा कागदोपत्री बंद आहे. त्याला पाकीटच नाही, तर नंबर छापणार कुठे? ज्याला त्या नंबराची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, या गोष्टीचा मला फार त्रास होतो.

त्या वहीवाल्या मुलीनेच भाऊजींना तलफेचं वागणं समजावलं होतं. तलफ लाटेसारखी येते, चढते, आणि तिला काही न देताही बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. ती कायम चढतच राहील असं त्या क्षणी वाटतं, ते खरं नसतं. म्हणून तिच्याशी भांडायचं नाही, तिला वेळ द्यायचा. पाणी प्या, लांब श्वास घ्या, हाताला दुसरं काम द्या, पण सगळ्यांत आधी पुढे ढकला. लॉनमधलं ते वाक्य मला हे ऐकूनही लगेच उमगलं नव्हतं. खूप दिवसांनी भाऊजींनी स्वतःच सांगितलं. "वहिनी, सोडला म्हटलं की लोक परीक्षा घेतात. काहून सोडला, कोणी सोडवला, किती दिवस टिकते पाहू, एक चिमटीनं का होते. दहा मिनिटं त्याच गोष्टीवर बोलत राहतात आणि पुडी तिथंच उघडी राहते. अर्ध्या घंट्यानं म्हटलं की कोणी काही बोलत नाही. आणि माझ्या डोक्यालाही बरं वाटते. कधीच नाही म्हटलं की ते बिथरते."

कधीच नाही म्हटलं की ते बिथरते. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

मेंदूवर काम करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग पुढे माझ्या वाचनात आले. माकडाला फळांचा रस दिला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी चमकायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही काळाने त्या पेशी रस मिळाल्यावर चमकेनाशा झाल्या, दिवा लागल्याबरोबर चमकू लागल्या. मिळण्यापेक्षा मिळणार असल्याची खूण मोठी झाली. हे वाचताना मला पन्नीचा आवाज ऐकू आला. सुपारी तोंडात जाण्याच्या कितीतरी आधी, त्या सर्रसर्र आवाजानेच भाऊजींचं शरीर कामाला लागत असणार. आणि आपण त्या माणसाला म्हणतो, मनावर ताबा ठेव. आवाज कानावर पडायला मनाची परवानगी लागत नाही. वळसा घालून दुकानात जाणारा माणूस भित्रा आहे असं त्यांच्या एका मित्राने हसून म्हटलं होतं. मला तो वळसा फार शहाणपणाचा वाटतो.

आमच्या माहेरच्या गल्लीत एक काका होते, एम्प्रेस मिलमध्ये कामाला. पाळी सुटली की गांजाखेत चौकाकडून यायचे, चालण्यावरून कळायचं. अंगाला पेपरमिंटचा आणि त्याखालून दारूचा वास. मुलांना कधी मारलं नाही, गाणी छान म्हणायचे, पगार मात्र घरी पोचायचा नाही. एका दसऱ्याला त्यांच्या भावांनी त्यांना देवापुढे शपथ घ्यायला लावली आणि सोडायचीच तर आजपासून, म्हणून मागच्या खोलीत बंद केलं. पहिल्या दिवशी गल्लीने भावांचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी काकांचे हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ते ओरडू लागले, काकूला ओळखेनात. मेडिकलला नेलं तेव्हा डॉक्टर भावांवर रागावले. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला देखरेख लागते, लिब्रियमसारख्या गोळ्या हळूहळू कमी करत न्याव्या लागतात, थायमिनची इंजेक्शनं लागतात. खर्रा बंद करणाऱ्याला चिडचिड होते, झोप उडते, तीन-चार दिवस जीव नकोसा होतो, पण असा धोका नसतो. दारूचं वेगळं आहे, आणि हे अजूनही घरोघरी ठाऊक नाही. एम्सने २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ घरांत काय होत असेल? शपथा होत असतील, खोल्यांना कड्या लागत असतील.

काका त्यातून वाचले, पुन्हा प्यायला लागले, आणि पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जाऊ लागले. ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक सर्जन अशा दोन पिणाऱ्या माणसांच्या गप्पांतून सुरू झाली. त्या सर्जनला उपदेश करणारे खूप भेटले होते, स्वतःची कथा सांगणारा त्याच्यासारखाच पिणारा पहिल्यांदा भेटला. काकांकडे तंबाखूच्या जुन्या डबीत एका चिठ्ठीवर सहा-सात नावं आणि फोन नंबर होते. रात्री अकराला ते एसटीडी बूथवर उभे दिसायचे. काकू दारात उभी राहून बघायची. आज प्यायचं नाही, उद्याचं उद्या, असं ते लोक एकमेकांना सांगतात म्हणे. भाऊजींचा अर्धा तास आणि काकांचा एक दिवस यांत मला फार फरक दिसत नाही.

विदर्भात शपथेचा इतिहास मोठा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू पिणार नाही ही एक होती. त्या एका वाक्याने किती घरं उभी राहिली ते आमच्या ओळखीच्या माणसांत मी पाहिलं आहे. तुकडोजी महाराज खंजिरी वाजवत गावोगाव व्यसनाविरुद्ध सांगत फिरले. आज त्यांच्या नावाने मानेवाड्याकडे कॅन्सरचं रुग्णालय आहे आणि त्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांकडे बघवत नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तर मला या कामाचं अगदी विचारपूर्वक केलेलं साधन वाटते. "माळ आहे" म्हटलं की पाजणारा गप्प होतो. माणसाला दर वेळी स्वतःचा बचाव करत बसावा लागत नाही. शपथ टिकते ती अशा वेळी, जेव्हा तिच्या मागे संघ असतो, विहार असतो, दिंडी असते, विचारपूस करणारी माणसं असतात. मागच्या खोलीत कडी लावून घेतलेल्या शपथेमागे काय असतं? दारूबंदीबद्दलही आपण किती बोलतो. वर्धा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ला बंद झालं आणि २०२१ ला उघडलं. त्यावर निवडणुका लढल्या जातात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, आणि बंदीने बायकांना आधार मिळतो हेही मला मान्य आहे. पण ज्याच्या शरीरात ते भिनलेलं आहे त्याने उद्या सकाळी उठल्यावर काय करायचं, याबद्दल कोणी एक रकाना लिहीत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण काढलं, ते या उद्या सकाळसाठी. तशी घरं आपल्या प्रत्येक तालुक्याला हवीत.

व्हिएतनाम युद्धात कितीतरी अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते परत येऊन शहरं भरून टाकतील अशी भीती होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा मागोवा घेतला, तर बहुसंख्यांना घरी आल्यावर पुन्हा व्यसन जडलं नव्हतं. जागा बदलली, सोबत बदलली, दिवसाची रचना बदलली. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. भाऊजींना परतायला दुसरं घर नाही. तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, तीच गल्ली, आणि प्रत्येक लग्नात जनरेटरच्या बाजूचा तोच अंधार. त्यांना युद्धभूमीवर राहूनच बरं व्हायचं आहे.

उन्हाळ्यात त्यांचा एक जुना मित्र गेला. घाटावरून परत आले तेव्हा आंघोळीला थांबले नाहीत, ओट्यावरच बसले. जाऊला वास आला. तिने काही न बोलता त्यांच्या खिशात हात घातला आणि पुडी काढून अंगणात भिरकावली. मग जी बोलायला लागली ती थांबेना, च्युइंगमचे पैसे, काड्या, दवाखान्याच्या खेपा, पोराच्या फीपर्यंत सगळं. मला तिचंही दुःख कळत होतं. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत जगणं किती थकवणारं असतं, प्रत्येक शर्ट धुण्याआधी हुंगावा लागणं, फोन उचलला नाही की ठेल्याचा विचार मनात येणं, हे तिने कोणाला सांगावं? काकूसारखी तीही दारातच उभी आहे. सासूबाई उठल्या, त्यांनी बादलीत पाणी काढलं आणि म्हणाल्या, "आधी आंघोळ कर. मेल्या माणसाचं सुतक आहे, भांडण उद्या करा." रात्री भाऊजींनी त्यांची वही काढली. त्यात तारीख, जागा, कोण सोबत होतं, कपाटावरच्या चार शब्दांपैकी काय झालं होतं, असं लिहायची सवय त्यांना लावलेली आहे. त्यांनी लिहिलं: मोक्षधाम. एकटेपणा. भूक. सकाळपासून जेवण नाही. दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने म्हणे विचारलं की घाटावर पुन्हा जायची वेळ आली तर खिशात काय ठेवाल? एकदा खाल्लं म्हणजे सगळं वाया गेलं, असं तो म्हणाला नाही. जाऊ मात्र आठवडाभर बोलली नाही, आणि तिने बोलावं असा आग्रह मी धरला नाही. आता तिच्यासाठीही कोणीतरी शोधतो आहोत, जिच्याकडे तिला बसून हे सगळं काढता येईल.

परवा मी दुकानात बसले होते. दुकानातला पोरगा, तोच जो कधीकाळी ठेल्यावर पुड्या आणायला धावायचा, मालाची खोकी लावता लावता भाऊजींजवळ आला. वीस-एकवीसचा असेल. म्हणाला, "भाऊ, तिखट खाल्लं की लई जळते तोंड. तुमच्यावाली गोळी भेटते का मले?" भाऊजींनी हातातलं बिलबुक खाली ठेवलं, स्टूल पुढे ओढलं आणि त्याला बसायला सांगितलं.

"गोळी भेटते. आधी मले सांग, सकाळी उठल्यावर पहिला कधी खातो?"

पोरगा माझ्याकडे बघून लाजला. "उठल्याबरोबर. अंथरुणातच."

"मीही अंथरुणातच खायचो," भाऊजी म्हणाले. "बरं, तीन बोटं घाल तोंडात. उभी. मंगळवारी दुकान उशिरा उघडू, दोघं जाऊ मेडिकलला."